तारापूरची फाईल आणि डॉ. होमी भाभा

या लेखाची सुरुवात आमच्या रूममधल्या एका भांडणातून झाली. भांडण रात्री साडेदहाला सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी नाष्ट्याला मेसच्या टेबलावर पोहे थंड होईपर्यंत चाललं. विषय होता अणुवीज.

मी बिद्रीचा. कोल्हापूरहून गारगोटीकडं जाताना मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडं आमचं गाव लागतं. बिद्री म्हटलं की लोकांना साखर कारखाना आठवतो. मला मात्र आधी आठवते ती रात्रीची लाईट. मी शाळेत असताना शेतीपंपाच्या लाईटचे वार ठरलेले असायचे. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की पप्पा बॅटरी घेऊन उठायचे आणि उसाला पाणी पाजायला जायचे. साप, इंचू आणि राधानगरीच्या जंगलातून कधीमधी खाली उतरणारा गवा, या सगळ्यांची भीती घेऊन आई ते परत येईपर्यंत जागी बसायची. त्यामुळं वीज हा माझ्यासाठी नुसता सिलॅबसमधला विषय नाही. देशात वीज कमी असेल तर प्रकल्प बांधा, ताबडतोब बांधा, असं माझं सरळ मत होतं.

माझा पार्टनर राजापूर तालुक्यातला. त्याच्या गावापासून माडबन जवळ. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प म्हणून जो ओळखला जातो तो याच माडबन, मिठगवाणे, निवेली, करेल परिसरातला. २००५ मध्ये केंद्राने या जागेला तत्त्वतः मान्यता दिली. १६५० मेगावॅटचे सहा रिॲक्टर, म्हणजे एकूण ९९०० मेगावॅट, तेही फ्रान्सकडून, असा बेत ठरला. डिसेंबर २०१० मध्ये करार झाला, मार्च २०११ मध्ये जपानात फुकुशिमा घडलं, आणि एप्रिल २०११ मध्ये आंदोलनात गोळीबार होऊन एकाचा जीव गेला. इतकी वर्षं झाली तरी तिथं रिॲक्टर उभा राहिलेला नाही. पार्टनरनं त्या रात्री मला एवढंच विचारलं, की हे ठरवलं कुणी? कुठल्या खोलीत, कुठल्या कागदावर ठरलं, आणि त्या खोलीत आमच्या गावचं कोण होतं?

मला उत्तर देता आलं नाही. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षात शिकून रँकिन सायकल डोळे झाकून काढता येते, पण पॉवर स्टेशन कुठं आणि कसलं बांधायचं हे कोण ठरवतं ते मला माहीत नव्हतं. मग त्याला गप्प करायला पुरावे गोळा करावेत म्हणून लायब्ररीत गेलो आणि हाती लागले डॉ. होमी भाभा. त्यांचं चरित्र वाचताना पार्टनरला गप्प करायचं राहूनच गेलं. कारण त्याच्या प्रश्नाचं उत्तर या एका माणसाच्या आयुष्यात सापडायला लागलं.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुखवस्तू पारशी घरात झाला. वडील जहांगीर हे वकील, आई मेहेरबाई. आत्याचे यजमान म्हणजे सर दोराबजी टाटा, जमशेदजींचे थोरले चिरंजीव. घरात पुस्तकं, चित्रं, पाश्चात्य संगीताच्या रेकॉर्ड आणि टाटांच्या कारखान्यांच्या गप्पा. लहानपणी होमीनं पोलाद, जलविद्युत असल्या मोठ्या उद्योगांची बोलणी घरच्या घरी ऐकली असणार. आपल्याकडं जशी पोरं टनेज आणि ऊसदर ऐकत मोठी होतात, तसंच ते.

कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असं करत १९२७ मध्ये हा मुलगा केंब्रिजला पोहोचला. शाखा कोणती? तर आपलीच, मेकॅनिकल! वडिलांचा आणि दोराबजींचा बेत असा होता की पोरानं इंजिनिअर होऊन परत यावं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावं. पण केंब्रिजमध्ये तेव्हा भौतिकशास्त्रात नवं जग उघडत होतं. होमीचं मन तिकडं ओढलं गेलं. १९२८ मध्ये त्यानं वडिलांना पत्र लिहून कळवलं की नोकरी-धंद्यात आणि मशीनमध्ये आपला जीव रमणार नाही, आपल्याला भौतिकशास्त्रच करायचं आहे.

आपल्यापैकी किती जणांनी असं पत्र मनातल्या मनात लिहून फाडलं असेल! जहांगीर भाभांनी मात्र सौदा केला. आधी इंजिनिअरिंगला फर्स्ट क्लास आण, मग गणिताचा खर्च मी करतो. होमीनं १९३० मध्ये मेकॅनिकलला फर्स्ट क्लास आणला, वडिलांनी शब्द पाळला आणि १९३२ मध्ये गणितातही फर्स्ट क्लास आला. ज्याला इंजिनिअरिंगमधून बाहेर पडायचं होतं त्याच माणसानं पुढं या देशात हजारो इंजिनिअरांना काम लावलं, ही मोठी गंमत आहे. शिवाय अंगात मुरलेली मेकॅनिकलची तीन वर्षं वाया गेली नाहीत. समीकरण कळणारा आणि ड्रॉइंगही वाचता येणारा असा माणूस पुढं देशाला लागणारच होता.

केंब्रिजमध्ये भाभा नाव कमावून बसले. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून विखुरतात त्याचं त्यांनी केलेलं गणित आजही भाभा स्कॅटरिंग या नावानं शिकवलं जातं. १९३७ मध्ये हाईटलर यांच्याबरोबर त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. म्हणजे वरून आलेला एक जोरकस कण वातावरणात शिरला की त्याच्यातून कणांचा धबधबा कसा तयार होतो, ते गणितानं दाखवलं.

१९३९ मध्ये ते सुट्टीला भारतात आले आणि दुसरं महायुद्ध सुरू झालं. परतीची वाट बंद झाली. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सर सी. व्ही. रामन भौतिकशास्त्र विभागात होते. त्यांनी भाभांना तिथं आणलं. १९४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी भाभा रॉयल सोसायटीचे फेलो झाले. युद्ध संपल्यावर परत जायचं की इथं राहायचं, असा प्रश्न त्यांच्यापुढं होता. ते राहिले.

राहिले म्हणजे नुसते राहिले नाहीत. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची एक संस्था काढायला पैसे मागितले. त्या पत्रातला एक मुद्दा थक्क करणारा आहे. एक-दोन दशकांनी अणूपासून वीज काढायची वेळ येईल, तेव्हा भारताला परदेशातून तज्ज्ञ मागवायला लागू नयेत, ते इथंच तयार असावेत, असं त्यांनी मांडलं होतं. तारीख परत बघा. हिरोशिमाला अजून जवळजवळ दीड वर्ष होतं. अणूतून एवढी शक्ती निघते हे सामान्य माणसाच्या कानावरसुद्धा आलेलं नव्हतं, आणि हा माणूस मनुष्यबळाचं नियोजन करत होता.

ट्रस्टने होकार दिला. १ जून १९४५ रोजी टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च बंगळूरला सुरू झाली आणि त्याच वर्षाखेरीस मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. बंगला भाभांच्या नात्यातला. एका बंगल्याच्या काही खोल्यांत देशाच्या अणुसंशोधनाची मुळं रुजली. पुढे गेट वेजवळचा जुना यॉट क्लब आणि १९६२ मध्ये कुलाब्याची समुद्राकाठची देखणी इमारत.

आता येतो पार्टनरच्या प्रश्नाचा गाभा. निर्णय घेणारी खोली कशी तयार झाली?

स्वातंत्र्य मिळून वर्षही झालं नव्हतं. एप्रिल १९४८ मध्ये संविधान सभेत, जी तेव्हा कायदेमंडळाचंही काम करत होती, अणुऊर्जा कायदा आला. नेहरूंनी तो मांडला. त्यात गुप्ततेच्या तरतुदी कडक होत्या. एस. व्ही. कृष्णमूर्ती राव या सदस्यांनी हरकत घेतली. शांततेच्या कामासाठी एवढी गुप्तता कशाला, असा त्यांचा रोख होता. ब्रिटनमध्ये ती संरक्षणाच्या संशोधनापुरती होती, आपण सगळ्यालाच लावतोय, असं त्यांनी दाखवून दिलं. नेहरूंना शांततेचं आणि युद्धाचं काम वेगळं कसं करावं ते सांगता आलं नाही. तरीही कायदा मंजूर झाला.

त्याच महिन्यात भाभांनी नेहरूंना एक टिपण दिलं. अणुऊर्जेचं काम दोन-तीन जणांच्या छोट्या मंडळाकडं द्यावं, त्या मंडळाला अधिकार असावेत, आणि त्यानं मध्ये कुणालाही न घेता थेट पंतप्रधानांना जबाबदार राहावं, असा त्याचा सारांश. कारणही समजण्यासारखं होतं. साधा व्हॉल्टमीटर खरेदी करायला फाईल सात टेबलं फिरते हा अनुभव आपल्या लॅबमधल्या कुणालाही विचारा. भाभांना ती सात टेबलं टाळायची होती. १० ऑगस्ट १९४८ रोजी अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. अध्यक्ष भाभा, सदस्य के. एस. कृष्णन आणि शांतिस्वरूप भटनागर. अध्यक्षांचं वय ३८.

१९५४ मध्ये तुर्भ्याला म्हणजे ट्रॉम्बेला अणुऊर्जा आस्थापना सुरू झाली. प्रमुख भाभा. त्याच वर्षी ३ ऑगस्टला केंद्रात स्वतंत्र अणुऊर्जा खातं झालं. सचिव भाभा. मंत्री स्वतः पंतप्रधान. आणि खात्याचं मुख्यालय दिल्लीत न ठेवता मुंबईत! १९५८ मध्ये आयोगाची फेररचना होऊन त्याला आर्थिक आणि प्रशासकीय असे पूर्ण अधिकार मिळाले. अर्थ खात्याचा माणूसही आयोगातच सदस्य म्हणून बसला, म्हणजे पैशाची मंजुरीसुद्धा त्याच टेबलावर.

हे वाचताना मी वहीत फ्लोचार्ट काढला. प्रस्ताव तयार करणारी संस्था, प्रमुख भाभा. प्रस्ताव तपासणारं खातं, सचिव भाभा. मंजूर करणारा आयोग, अध्यक्ष भाभा. अंतिम सही पंतप्रधान नेहरूंची, आणि नियोजन आयोगाचे अध्यक्षही नेहरूच. आपल्या भाषेत सांगायचं तर पेपर काढणारा, लिहिणारा आणि तपासणारा एकच, आणि प्राचार्य त्याचे जिवलग मित्र. अशा परीक्षेत हुशार विद्यार्थीच बसला होता हे आपलं नशीब. पण पद्धत म्हणून ती कशी होती, याचा विचार करायला हवा.

त्यावर बोलणारे लोक तेव्हाही होते. मेघनाद साहा हे मोठे शास्त्रज्ञ आणि लोकसभेचे निवडून आलेले खासदार. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या गरीब दुकानदाराचा हा मुलगा. देशात अजून पाया नाही, माणसं नाहीत, तेव्हा आधी विद्यापीठांमध्ये अणुविज्ञान वाढवा, सगळं एका बंद दारामागं नेऊ नका, असा त्यांचा आग्रह. १९५४ च्या मे महिन्यात त्यांनी लोकसभेत या विषयावर चर्चा घडवून आणली. १९५६ मध्ये ते गेले आणि हा आवाज थांबला.

दुसरा विरोधक तर भाभांच्या घरातलाच म्हणावा लागेल, आणि तो आपला मराठी माणूस. दामोदर धर्मानंद कोसंबी. मूळचे गोव्याचे, गणिती, इतिहासाचे जबरदस्त अभ्यासक. १९४६ पासून ते भाभांच्याच टाटा इन्स्टिट्यूटमध्ये होते. राहायचे पुण्यात आणि डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करायचे. कोसंबींचं म्हणणं असं की आपल्या देशावर ऊन बारा महिने फुकट पडतं, तर अणूपेक्षा सूर्याच्या उर्जेवर पैसा आणि डोकं लावा. ती गावोगाव वापरता येईल, तिला मोठी यंत्रणा लागणार नाही. १९५० च्या दशकात हे बोलणं लोकांना चक्रमपणाचं वाटलं असेल. आज आमच्या शिवारात सौरपंप दिसतात तेव्हा कोसंबींची आठवण येते. १९६२ मध्ये त्यांचा करार पुढं वाढवला गेला नाही. त्यामागं एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही, पण भाभांशी त्यांचं पटत नव्हतं हे सर्वश्रुत आहे.

तिसरा प्रश्न पैशाचा. १९५८ मध्ये आय. एम. डी. लिटल या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने मुंबईच्याच इकॉनॉमिक वीकलीमध्ये भाभांच्या गणिताला आव्हान दिलं. मुद्दा आपल्याला इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्समध्ये असतो तोच. अणुवीज केंद्राचं इंधन स्वस्त, पण बांधणीचा खर्च कोळशाच्या केंद्रापेक्षा खूप जास्त. ज्या देशात भांडवलाचाच दुष्काळ आहे त्यानं त्या भांडवलावर जास्त व्याज धरून हिशोब करायला हवा, आणि तसा धरला की अणुवीज महाग पडते. भाभांचं म्हणणं असं की कोळसा आहे बिहार-बंगालात आणि गिरण्या आहेत मुंबई-अहमदाबादेत. शेकडो मैल रेल्वेने कोळसा ओढत आणायचा खर्च धरला तर खाणींपासून लांबच्या भागाला अणुवीज परवडते. दोघांचेही मुद्दे खरे होते. उत्तर कुठला व्याजदर धरता यावर अवलंबून होतं.

इथं भाभांच्या मोठ्या योजनेबद्दल थोडं सांगायला हवं. आपल्याकडं युरेनियम कमी आणि केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाईट वाळूत थोरियम भरपूर. पण थोरियम थेट पेटत नाही. म्हणून १९५४ मध्ये भाभांनी तीन टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यात साधं, न समृद्ध केलेलं युरेनियम जड पाण्याच्या रिॲक्टरमध्ये वापरायचं आणि वीज करता करता प्लुटोनियम मिळवायचं. दुसऱ्या टप्प्यात ते प्लुटोनियम फास्ट ब्रीडरमध्ये घालायचं, जो खातो त्यापेक्षा जास्त इंधन तयार करतो. तिसऱ्यात थोरियमपासून मिळालेल्या युरेनियम-२३३ वर शेकडो वर्षं वीज करायची. बियाणं घरचं, खत घरचं, पीकही घरचं, असा हा विचार. बाहेरच्या कुणाकडं हात पसरायचा नाही.

आणि माणूस नुसता कागदावर थांबणारा नव्हता. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेला अप्सरा हा रिॲक्टर सुरू झाला. इंधन ब्रिटनचं, पण बांधणी आपल्या इंजिनिअरांची. त्याआधी १९५५ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय अणुपरिषदेचे अध्यक्षपद भाभांनी भूषवलं होतं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. १९५७ मध्ये ट्रॉम्बेला ट्रेनिंग स्कूल निघालं. नुकत्याच पास झालेल्या इंजिनिअर आणि एम.एस्सी. मुलांना घेऊन वर्षभर शिकवायचं आणि कामाला जुंपायचं. आपल्यापैकी काही जण आजही ती परीक्षा देतात. १९६० मध्ये कॅनडाच्या मदतीचा सायरस सुरू झाला.

आता तारापूर. मुंबईच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात, अरबी समुद्राच्या काठी. जागेची कारणं तांत्रिक होती. थंड करायला समुद्राचं पाणी, एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला गुजरात, आणि कोळशाच्या खाणी दूर. १९६० मध्ये जागतिक टेंडर निघालं. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, कॅनडा या देशांतून प्रस्ताव आले. भाभांनी यात एक मोठी गोष्ट केली. रिॲक्टर अमुकच प्रकारचा हवा अशी अट घातली नाही.

छाननी झाली आणि निवड झाली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकच्या बॉयलिंग वॉटर रिॲक्टरची. दोन युनिट, प्रत्येकी सुमारे २०० मेगावॅट. तत्त्व आमच्याकडच्या कारखान्याच्या बॉयलरसारखंच. आपण बगॅस जाळून पाणी उकळतो आणि वाफेनं टर्बाईन फिरवतो, तिथं युरेनियम पाणी उकळतं. फक्त त्या रिॲक्टरला समृद्ध युरेनियम लागतं आणि ते आपल्याकडं तयार होत नव्हतं. म्हणजे ज्या माणसानं घरच्या बियाण्याची योजना लिहिली त्यानंच पहिलं पीक विकतच्या बियाण्यावर घ्यायचं ठरवलं!

का? कारण अमेरिकेनं ८ कोटी डॉलरचं कर्ज देऊ केलं, पाऊण टक्का व्याजानं, चाळीस वर्षांच्या मुदतीचं. लिटल यांनी ज्या व्याजदरावर बोट ठेवलं होतं तो व्याजदरच बाहेरून येऊन बदलला. इतक्या स्वस्त पैशात कुठलंही गणित जुळतं. शिवाय भाभांना एक मोठं केंद्र लवकर चालू करून दाखवायचं होतं, म्हणजे ग्रिडला अणुवीज जोडता येते हे सिद्ध होईल आणि आपल्या पोरांचा हात बसेल. दुसरं केंद्र राजस्थानात रावतभाट्याला कॅनडाबरोबर, साध्या युरेनियमवरचं, असंही त्यांनी जवळजवळ त्याच वेळी ठरवलं. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेशी करार झाला, १९६४ मध्ये कंत्राट झालं आणि काम सुरू झालं.

ते पूर्ण झालेलं भाभांनी पाहिलं नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला बैठकीसाठी जाताना एअर इंडियाचं कांचनगंगा हे बोईंग विमान आल्प्समध्ये माँ ब्लाँ शिखरावर आदळलं. विमानातले सगळे ११७ जण गेले. भाभा ५६ वर्षांचे होते. तेरा दिवसांपूर्वी शास्त्रीजी ताश्कंदला गेले होते आणि नेमक्या त्याच दिवशी इंदिरा गांधींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. या अपघाताबद्दल नाना तर्क लढवले जातात. सिद्ध झालेलं काही नाही, म्हणून मी त्यात शिरत नाही. योगायोग असा की कोसंबीही त्याच वर्षी जूनमध्ये गेले. सूर्यवाला आणि अणूवाला दोघेही एकाच वर्षी.

भाभांनी लग्न केलं नाही. ते चित्रं काढायचे, बीथोवेन ऐकायचे, नव्या चित्रकारांची चित्रं विकत घेऊन संस्थेच्या भिंतींवर लावायचे. बांधकामात झाड आडवं आलं तर तोडण्याऐवजी मुळासकट उचलून दुसरीकडं लावायला सांगायचे. हे वाचलं आणि मला माडबन आठवलं. झाड उचलून लावता येतं. गाव?

तारापूरची वीज १९६९ मध्ये सुरू झाली. अणुवीज ग्रिडवर आली, आपल्या इंजिनिअरांनी ती चालवली, हे भाभांचं यश. पण १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला आणि अमेरिकेनं १९७८ मध्ये कायदाच बदलून इंधन अडवलं. मग फ्रान्स, पुढं चीन, पुढं रशिया, असं दारोदार फिरावं लागलं. युनिटांची क्षमताही नंतर तांत्रिक अडचणींमुळं १६० मेगावॅटवर आणावी लागली. रावतभाट्यालाही कॅनडानं मध्येच काम सोडलं, पण तिथलं दुसरं युनिट आपल्या माणसांनी पूर्ण केलं, कारण तंत्र साध्या युरेनियमचं आणि आपल्या आवाक्यातलं होतं. म्हणजे भाभांची मूळ योजना बरोबर होती आणि तिच्यातून काढलेली पळवाट महागात पडली, असं मला वाटतं. तारापूरची पुढची ५४० मेगावॅटची दोन युनिट २००५-०६ मध्ये सुरू झाली ती साध्या युरेनियमवरचीच. पण त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. त्यांच्या पुनर्वसनाचं दुखणं लांबलं. त्या गावांचं नाव कुठल्या टेंडरच्या तुलनात्मक तक्त्यात आलं असेल का, हा पार्टनरचा प्रश्न इथं परत येतो.

भाभांचे अंदाजही चुकले. १९८७ पर्यंत अणुवीज वीस हजार मेगावॅटच्या वर जाईल असं त्यांनी साठच्या दशकात सांगितलं होतं. १९८७ मध्ये ती दीड हजारापर्यंतही नव्हती, आणि २०२५ मध्ये ती नऊ हजारांच्या आत होती. दुसऱ्या टप्प्याचा कल्पाक्कमचा फास्ट ब्रीडर २००४ मध्ये बांधायला घेतला आणि त्याला वीस वर्षांहून जास्त काळ लागला. चुकणं हा काही गुन्हा नाही. पण चूक वेळेत दाखवून देणारा माणूस खोलीत असावा लागतो. साहा बाहेर होते, कोसंबी बाहेर गेले, आणि लिटल तर परदेशीच.

आता व्यवस्था थोडी बदलली आहे. १९८३ मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ आलं. पर्यावरण मंजुरी आली, जनसुनावणी आली. २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅटचं उद्दिष्ट जाहीर झालं आणि त्याच डिसेंबरमध्ये संसदेनं नवा कायदा करून खाजगी कंपन्यांनाही या क्षेत्राचं दार उघडलं. म्हणजे आपल्या बॅचमधले कितीतरी जण उद्या या कामात असणार. टेंडर काढणारे, तपासणारे, सही करणारे.

सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सभा ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत आहे, तिथं काय गोंधळ असतो ते. घोषणा होतात, माईक ओढले जातात, मंजूर-नामंजूरचा गजर होतो. पण धोतरातला एखादा सभासद उठून अहवालाचं पान काढतो आणि बगॅस कितीला विकला ते चेअरमनना विचारू शकतो. त्याला थर्मोडायनामिक्स येत नाही. हिशोब येतो. अणुवीज केंद्राच्या फाईलला असा सभासद कधीच मिळाला नाही. भाभांना सात टेबलं नको होती, ते बरोबरच. पण एक टेबल असं हवं होतं जिथं पलीकडे बसलेला माणूस त्यांच्या हाताखालचा नाही आणि मित्रही नाही.

असो. आमच्या भांडणाचं काय झालं? मिटलेलं नाही. मी अजूनही म्हणतो की वीज हवी, आणि अणुवीजही हवी. पार्टनर अजूनही म्हणतो की आधी विचारा. फरक एवढाच की मी माझा फ्लोचार्ट त्याला दाखवला. त्यानं पेन घेतलं, सगळ्यात खाली एक चौकट काढली, तिच्यात त्याच्या गावाचं नाव लिहिलं आणि तिथून वर जाणारा बाण काढला. मी बराच वेळ बघत बसलो. त्या बाणाला खोडायला माझ्याकडं काही कारण नव्हतं.

या दिवाळीच्या सुट्टीत मुदाळ तिट्ट्यावरून राधानगरीची गाडी पकडून, फोंडा घाट उतरून मी त्याच्याकडं जाणार आहे. माडबनचा सडा बघायचा आहे. त्यानंतर तो गळीत हंगामात बिद्रीला येणार आहे. पप्पांबरोबर एक रात्र उसाच्या फडात काढायचं त्यानं कबूल केलं आहे.